गाठोडं किती मोठं?

परवा रात्री एक स्क्रिप्ट आडवी पडली. 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणे! आर्ग्युमेंट होतं एकच, तेही तीन अक्षरी. गाढवपणा माझाच होता. आख्खी जेसन फाइल मी एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये कोंबली होती. मग शनिवारी चहा घेऊन या एररचं मूळ शोधत बसलो.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स आली १९७९ मध्ये, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, बोर्न शेलच्या जोडीने. नवा प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल आर्ग्युमेंट्स आणि एन्व्हायर्नमेंट एकाच गाठोड्यात बांधून त्याच्या स्टॅकवर ठेवतो. म्हणून दोघांना मिळून मर्यादा एकच, आणि एररही एकच! तेव्हा हे गाठोडं होतं ५१२० बाइटचं.

लिनक्सने बरीच वर्षं १२८ किलोबाइटवर भागवलं. २००७ मध्ये २.६.२३ कर्नल आला आणि मर्यादा झाली स्टॅकच्या एक चतुर्थांश. म्हणजे स्टॅक ८ मेगाबाइट, तर गाठोडं २ मेगाबाइट. पण मेख अशी, की त्यातली कुठलीही एक स्ट्रिंग १२८ किलोबाइटच्या वर चालत नाही. गेटकॉन्फ मला २०,९७,१५२ बाइट दाखवत होतं आणि मी आपटलो तो या दुसऱ्या मर्यादेवर.

वाटलं, ही कटकट काढूनच का टाकत नाहीत? उत्तर २०१७ मध्ये मिळालं होतं. क्वालिसच्या संशोधकांनी 'स्टॅक क्लॅश' दाखवला: आर्ग्युमेंट्स आणि एन्व्हायर्नमेंट अवाढव्य फुगवून स्टॅक शेजारच्या मेमरीवर आदळवायचा, आणि रूटचे अधिकार मिळवायचे. त्यानंतर लिनक्सने स्टॅक कितीही मोठा असला तरी गाठोड्याला ६ मेगाबाइटची वेस घातली.

कर्नल निदान तोंडावर नाही म्हणतो. आपला कोड तसं करतो का? गेटएन्व्हने आलेली स्ट्रिंग २५६ बाइटच्या बफरमध्ये स्ट्रकॉपीने ओतली, की बफर ओव्हरफ्लो ठरलेला. विंडोजची सेटएक्स कमांड तर १०२४ अक्षरांपुढचं कापून टाकते. इशारा देते, पण स्क्रिप्टमध्ये तो वाचतो कोण? पाथ मात्र अर्धवट सेव्ह झालेला असतो.

तेव्हा मंडळी, लांबी आधी मोजा. बसत नसेल तर कापू नका, सरळ एरर द्या. आणि मोठा ऐवज फाइलमध्ये ठेवून व्हेरिएबलमध्ये फक्त तिचा पत्ता द्या. मी तेच केलं, दोन ओळींचा बदल. स्क्रिप्ट चालली, पण चहा गार झाला.