तार किती लांब, वाट किती रुंद

मागच्या पावसाळ्यात आमच्या भागात दोन दिवस वीज नव्हती आणि मोबाईलही मुके झाले होते. पाणी ओसरल्यावर गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच निघाला की पुन्हा असं झालं तर निरोप धाडायचा कसा? म्हणून आम्ही तालुक्याच्या एका हॅम रेडिओवाल्या भाऊंना बोलावलं. हॅम म्हणजे सरकारचा परवाना घेऊन हौसेनं रेडिओवर बोलणारी माणसं.

भाऊंनी शाळेमागच्या दोन कडुनिंबांना सुमारे ४० मीटर तांब्याची तार बांधली. ती मधोमध तोडलेली होती आणि तिथून एक केबल खाली रेडिओला येत होती. याला डायपोल म्हणतात, म्हणजे दोन बाहूंची तार. ३.६ मेगाहर्ट्झवर आवाज छान गेला. मग त्यांनी रेडिओ ३.८९ वर नेला तर मीटरचा काटा वर चढला आणि रेडिओनं आपला जोर आपणच कमी केला. आमच्यातल्या एका आक्कांनी विचारलं, "तार तीच, झाडं तीच, मग आता काय अडलं?" त्या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे, तोच आज सांगतो.

१८८७-८८ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह गावी हाइनरिश हर्ट्झ यांनी रेडिओ लहरी असतात हे प्रयोगानं दाखवलं. त्यांचं साधनही दोन बाहूंचंच होतं. मधल्या फटीत ठिणगी पडायची आणि लहर निघायची. ठिणगीची लहर बरीच पसरट, त्यामुळे नेमक्या नंबराची चिंता फारशी नव्हती. पुढे नितळ, एका सुराच्या लहरी वापरात आल्या आणि तारेचं माप महत्त्वाचं झालं. लहर जेवढी लांब, तिच्या अर्ध्याहून जरा कमी तार, हा हिशेब बसला.

या मापाची एक गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. युद्ध सुरू झाल्यावर सरकारनं हौशी रेडिओवाल्यांचे परवाने काढून घेतले होते. त्यांच्यातलेच एक जाणकार नरिमन प्रिंटर यांनी यंत्र जुळवलं. पोलिसांना चुकवत केंद्र घर बदलत राहिलं. १२ नोव्हेंबरला धाड पडली आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. हे केंद्र स्वतःची ओळख सांगायचं ४२.३४ मीटर या लहरीनं. आता वरचा हिशेब लावा. अर्धी लहर २१ मीटरच्या आसपास, म्हणजे डायपोल लावायचा तर तार साधारण २० मीटरची. रेडिओवर 'मीटर' म्हणायचे ते असं तारेशी जोडलेलं माप होतं.

आता आक्कांचा प्रश्न. झोपाळा आठवा. त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, लय चुकवली की धक्का आपल्याच हातावर येतो. तारेचंही तसंच. मापाच्या नंबरावर ती शक्ती बाहेर फेकते. नंबर दूर गेला की काही शक्ती केबलमधून परत येते, आणि रेडिओ स्वतःला जपण्यासाठी जोर कमी करतो. तार बारीक असेल तर एकेका हेलकाव्यात बाहेर पडणाऱ्या शक्तीच्या मानानं तारेपाशी घुटमळणारी शक्ती जास्त, म्हणून ती लयीला हट्टी. जाड असेल तर हट्ट कमी. अशी तार किती नंबरांपर्यंत नीट चालते, त्याला तिची पट्टी म्हणू.

युद्धाआधी पुष्कळ हॅम मंडळी शिडीसारखी दोन तारांची जोडणी वापरत. तीत परत आलेली शक्ती फारशी वाया जात नसे, आणि खाली जुळवणीची पेटी असे. युद्धानंतर गोल कोॲक्सियल केबल सर्रास झाली. लावायला सोपी, पण तारेचा हट्ट आता थेट रेडिओपर्यंत पोहोचू लागला. अमेरिकेत हॅमना ३.५ ते ४ मेगाहर्ट्झ एवढी रुंद जागा आहे. एका बारीक तारेला त्यातली अर्धीही नीट पेलत नाही. आपल्या देशात ३.५ ते ३.७ ही जागा आहे. ती एका तारेत जेमतेम बसते, पण ३.८९ ते ३.९ हा वेगळा तुकडा तिच्या हाताबाहेर जातो. आमच्या काट्याचं कारण हेच.

लोकांनी यावर उपाय शोधले. चार-सहा बारीक तारा कड्यांवरून पिंजऱ्यासारख्या ताणल्या की त्या एका जाड तारेसारख्या वागतात. आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे हा तारांचा बचत गटच की!" १९३० च्या दशकात अमेरिकेत फिलिप कार्टर यांनी दुमडलेला डायपोल पुढे आणला, तोही पट्टी वाढवतो. कोणी एकाच केबलला वेगवेगळ्या मापांच्या तारा जोडून पंखा करतं. पण फुकट काहीच नाही. पिंजरा जड, वादळात तोच आधी खाली यायचा. आणि १९४८ मध्ये लान जेन चू यांनी गणितानं दाखवलं की लहरीच्या मानानं अँटेना लहान केली, तर तिची पट्टी एका मर्यादेपलीकडे रुंद करता येत नाही.

मग बाईमाणसानं यात पडावं का? २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅम रेडिओसाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. फोन बंद पडल्यावर त्या आणि त्यांचे सहकारी रेडिओवरून मुख्य भूमीशी निरोपांची देवाणघेवाण करत राहिले. कित्येक घरांना आपलं माणूस जिवंत असल्याचं त्यातून कळलं.

आम्ही काय केलं तेही सांगतो. पिंजऱ्याच्या नादी लागलो नाही. ३.६ साठी तार सुमारे ३९.७ मीटर, ३.८९ साठी सुमारे ३६.७. फरक तीन मीटरचा. म्हणून भाऊंच्या सल्ल्यानं दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरचा तुकडा वेगळा ठेवला, आकड्यानं जोडायचा नि काढायचा. जोडावर लाल दोरा बांधला. टेप आणि तार आता गटाच्या पेटीत असते.

परवान्याशिवाय बोलणं गुन्हा आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. परीक्षा केंद्र सरकारची असते आणि वयाची अट फक्त बारा वर्षांची आहे. आमच्या गटातल्या तिघी अभ्यासाला बसल्या आहेत, त्यात काट्याबद्दल विचारणाऱ्या आक्काही आहेत. तुमच्या गावात दोन उंच झाडं कुठे आहेत, ती तेवढी हेरून ठेवा.