आगीचे नियम आणि सभागृहाचे पटल

दिवाळी सरली की गिरणाकाठच्या भडगाव परिसरात कापसाचा हंगाम भरात येतो. जिनिंगमध्ये एक ठिणगी किती महाग पडते, हे खानदेशाला सांगावे लागत नाही. मात्र या ठिणगीचा कायदा शोधायला जावे तर मूळ अधिनियमात फार थोडे सापडते. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 चे कलम 38 म्हणत असे की आग लागू नये, पसरू नये आणि माणसांना सुखरूप बाहेर पडता यावे, यासाठी शक्य ते सर्व उपाय करावेत. तपशील राज्य सरकारच्या नियमांवर सोपवलेला होता. ते नियम मंत्रालयात तयार होतात. आमदार ते लिहीत नाहीत. मग त्यांच्यावर नजर कोणाची?

या प्रश्नाचा इतिहासही आगीपाशीच जाऊन पोचतो. 1941 मध्ये जर्मन बॉम्बवर्षावाला तोंड देण्यासाठी ब्रिटनने गावोगावची अग्निशमन दले एकत्र करून राष्ट्रीय अग्निशमन सेवा उभारली. तिचे विनियम संसदेपुढे ठेवणे कायद्याने बंधनकारक होते. ते ठेवलेच गेले नव्हते, हे 1944 मध्ये उघडकीस आले. तोवर जवळजवळ तीन वर्षे ते अमलात होते आणि एकाही सभासदाला त्याचा पत्ता नव्हता. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांना सभागृहात चूक कबूल करावी लागली आणि ती निस्तरण्यासाठी संसदेला खास कायदा करावा लागला. त्याच वर्षी कॉमन्स सभागृहाने अशा नियमांची छाननी करणारी समिती नेमली.

ही कल्पना आपल्याकडे आणण्यात दोन मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. 11 एप्रिल 1950 रोजी हंगामी संसदेत दिल्लीच्या रस्ते वाहतूक प्राधिकरणाच्या विधेयकावर चर्चा चालू असताना कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ब्रिटनच्या धर्तीवर समिती असावी, असे सुचवले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांनी 1 डिसेंबर 1953 रोजी ती स्थापन केली आणि अध्यक्षपद विरोधी बाकांवरच्या एन. सी. चॅटर्जी यांना दिले. सरकारने केलेले नियम सरकारपक्षानेच तपासायचे नाहीत, हा संकेत त्यात होता. महाराष्ट्र विधानमंडळातही हेच काम करणारी उपविधान समिती आहे.

आता आजचा कायदा पाहू. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा 6 डिसेंबर 2008 पासून लागू झाला; त्याचे नियम 2009 मध्ये आले. इमारतीचा मालक किंवा भोगवटादार याने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करायचे, ही तरतूद अधिनियमातच आहे. पण जिना किती रुंद, पाण्याची टाकी किती मोठी, हे ठरते राष्ट्रीय इमारत संहितेवरून. ती भारतीय मानक ब्यूरोच्या तांत्रिक समित्या तयार करतात. 1970 ची संहिता 1983, 2005 आणि 2016 मध्ये सुधारली गेली. नियम निदान दोन्ही सभागृहांच्या पटलावर येतात. संहितेचे दोन जाड खंड तिथे येत नाहीत. म्हणजे अधिनियमाकडून नियमांकडे आणि नियमांकडून संहितेकडे जाताना लोकप्रतिनिधीची नजर पायरीपायरीने क्षीण होत जाते.

न्यायालयांचा आधारही इथे मर्यादित आहे. ॲटलस सायकल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये म्हटले की आदेश पटलावर ठेवायचा राहिला, एवढ्यानेच तो रद्द होत नाही. ब्रिटिश संसदेला ज्या चुकीसाठी कायदा करावा लागला, ती आपल्याकडे सहज पचून जाऊ शकते.

9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत 10 नवजात बालके दगावली. त्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. तरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला रुग्णालयांत पुन्हा आगी लागून माणसे गेली. आगीनंतर सभागृहात आवाज उठतो, तो उठायलाच हवा. पण तिथे नियम येतात तेव्हाही प्रश्न विचारता येतात. भडगावसारख्या लहान नगरपरिषदेकडे हे काम पेलणारे मनुष्यबळ आहे का? छोट्या दवाखान्याला, जिनिंगवाल्याला हे नियम त्याच्या भाषेत कळतील का? असे नियम साधारणपणे एकूण 30 दिवस सभागृहापुढे असतात. भडगाव तालुका पाचोरा विधानसभा मतदारसंघात येतो. तिथल्या मतदाराने आपल्या आमदाराला या 30 दिवसांचा हिशेब विचारायला हरकत नाही.