जोव्हियन

भोपाळच्या बड्या तालाबाकाठी संध्याकाळी तो ठळक, न लुकलुकणारा ठिपका दिसला की शेजारी म्हणतात ‘बृहस्पति’. आपल्या मराठी घरांत मात्र ‘गुरू’. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून या महाकाय ग्रहांना इंग्रजीत ‘जोव्हियन’ म्हणतात. हा शब्द आला जोव्ह, म्हणजेच ज्युपिटर या रोमन देवावरून. आणि ज्युपिटर कोण? ऋग्वेदातल्या ‘द्यौष्पितर्’चा, आकाशपित्याचा, सख्खा भाषाबंधू! मला ही सोयरीक फार मोलाची वाटते. आपल्या ‘गुरू’चा मूळ अर्थ जड, लॅटिन ‘ग्रॅव्हिस’ त्याच कुळातला. ग्रहाला हे नाव मिळालं देवगुरू बृहस्पतीमुळे, वजनामुळे नव्हे. तरी ते शोभतं: त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे 318 पट आहे. तेव्हा मराठीत लिहिताना ‘जोव्हियन’ऐवजी ‘गुरुसम’ लिहून पाहा.