पोपटांचे अंगणातील पक्षिगृह आणि सुरक्षिततेची बदलती कल्पना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पाळीव पोपटांसाठी अंगणात वा परसात उभारल्या जाणाऱ्या मोठ्या पक्षिगृहाचा विचार आज मुख्यतः सुरक्षिततेच्या अंगाने केला जातो. जाळीचे छिद्र केवढे असावे, दारे किती असावीत, तळ कशाचा असावा, असे प्रश्न त्यात येतात. तथापि सुरक्षितता कोणाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पक्षी मालकाच्या हातून निसटू नये, ही एक सुरक्षितता होय. पक्ष्याला शत्रूपासून, रोगापासून आणि खुद्द पिंजऱ्यापासून अपाय होऊ नये, ही दुसरी. पहिलीचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे. पोपटाच्या बाबतीत दुसरीला मात्र अलीकडेच महत्त्व आले, आणि त्यामागे भूतदयेइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, वाटा पक्ष्याच्या वाढत्या किमतीचा आहे.

रोमन काळातील पक्षिगृहे

पक्षी कोंडून ठेवण्याचे पहिले गृह ब्रुंडिसियम येथील मार्कुस लेनियस स्ट्राबो याने उभारले, असे थोरल्या प्लिनीने नोंदविले आहे. निसर्गाने ज्यांना आकाश दिले, त्यांना कोंडण्याची प्रथा त्याच्यापासून सुरू झाली, हा प्लिनीचा शेराही लक्षणीय आहे.

पक्षिगृहाच्या बांधणीचे सविस्तर वर्णन मिळते ते मार्कुस टेरेन्शियस व्हॅरो याच्या इ. स. पू. ३७ च्या सुमारास लिहिलेल्या कृषिविषयक ग्रंथात. व्हॅरो पक्षिगृहांचे दोन प्रकार मानतो : एक नफ्यासाठी, दुसरा करमणुकीसाठी. कॅसिनम येथील त्याचे स्वतःचे पक्षिगृह दुसऱ्या प्रकारचे होते. तेथे स्तंभांच्या ओळींवर तागासारख्या धाग्याचे जाळे ताणलेले होते, मध्यभागी घुमटी होती आणि पाहुण्यांसाठी फिरते मेज होते. लुकुल्लसने तर टस्कुलम येथे पक्षिगृहातच भोजनगृह थाटले. परंतु पक्षी पाहून डोळ्यांना होणारे सुख दुर्गंधीपुढे टिकले नाही, असे व्हॅरो मिस्किलपणे नमूद करतो.

सुरक्षिततेचा बारकाईने विचार आढळतो तो मात्र नफ्याच्या पक्षिगृहात. तेथे दार ठेंगणे व अरुंद असावे. दारे-खिडक्यांच्या भोवती गुळगुळीत गिलावा असावा, म्हणजे उंदीर वा अन्य प्राणी आत शिरणार नाहीत. पाणी नळाने आणून अरुंद पन्हळींतून खेळवावे, कारण ते पसरले की लवकर घाण होते, असे व्हॅरो सांगतो. ही काळजी कस्तूर पक्ष्यांसाठी होती. एका मालमत्तेतून वर्षाला पाच हजार कस्तूर प्रत्येकी तीन देनारियस दराने विकले जाऊन साठ हजार सेस्टर्स मिळाल्याचा हिशेब तो देतो. पक्षी मेला तर थेट तोटा, हे जेथे उघड होते, तेथे गिलावाही नीट लिंपला गेला.

भारतातून जाणारा पोपट या व्यवस्थेच्या बाहेर राहिला. टेसिअसने इ. स. पू. चौथ्या शतकाच्या आरंभी त्याच्या बोलण्याचे नवल सांगितले होते. प्लिनीला त्याचा हिरवा रंग आणि मानेभोवतीचे लाल कडे ठाऊक होते. बोलणे शिकविताना लोखंडी सळीने डोक्यावर मारावे लागते, हेही तो निर्विकारपणे सांगतो. श्रीमंतांच्या घरी पोपटाला हस्तिदंत-चांदीचा पिंजरा मिळे. उडण्यापुरती जागा मिळाल्याचे दिसत नाही.

तारेची जाळी आणि स्वस्त पोपट

एकोणिसाव्या शतकात दोन शोधांनी पक्षिगृहाचे स्वरूप पालटले. लोखंडावर जस्ताचा लेप चढविण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने १८३७ मध्ये घेतले. तर इंग्लंडमधील नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्ड याने १८४४ मध्ये तारेची जाळी विणण्याचे यंत्र तयार केले. जाळी स्वस्त झाली, गंजेनाशी झाली, आणि मध्यमवर्गीयाच्या बागेतही पक्षिगृह शक्य झाले. याच सुमारास, १८४० मध्ये, जॉन गूल्डने ऑस्ट्रेलियातून बजरीगर इंग्लंडमध्ये जिवंत आणले. पक्षिपालकांची 'अ‍ॅव्हिकल्चरल सोसायटी' १८९४ मध्ये स्थापन झाली.

जहाजांमधून पोपटांची आवक अखंड चालू असल्याने मेलेल्याच्या जागी नवा विकत घेणे सोपे होते. या निश्चिंतपणाला पहिला धक्का रोगाने दिला. १८९२ मध्ये पॅरिसमध्ये आणि पुढे १९२९-३० मध्ये अनेक देशांत पोपटांपासून माणसांना होणाऱ्या सिटॅकोसिस या ज्वराची साथ पसरली. जानेवारी १९३० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर यांनी पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. येथे सुरक्षित राहायचे होते ते माणसाला. परंतु गर्दी, ओली विष्ठा, वाऱ्याचा अभाव यांचा रोगाशी असलेला संबंध यानिमित्ताने ठळक झाला, आणि त्याचा लाभ पोपटालाही झाला. पुढे बेडफर्डचे बारावे ड्यूक झालेले हेस्टिंग्ज रसेल यांनी १९२९ मध्ये पोपटपालनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच जमिनीवर वर्षानुवर्षे पक्षी ठेवल्यास ती दूषित होते, म्हणून ते गवतावर सरकविता येणाऱ्या पक्षिगृहांचे पुरस्कर्ते होते.

आयातबंदी आणि बांधणीचे नवे निकष

निर्णायक बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. ऑस्ट्रेलियाने १९६० पासून देशी पक्ष्यांची निर्यात थांबविली. १९८१ मध्ये मोजके अपवाद वगळता सर्व पोपट 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आले. १९९२ मध्ये अमेरिकेने आणि २००७ मध्ये युरोपीय संघाने रानटी पक्ष्यांच्या आयातीवर कठोर निर्बंध आणले. नवा पोपट हवा असेल तर तो पक्षिगृहातच जन्मला पाहिजे, अशी स्थिती झाली. साहजिकच असलेला जगविणे भाग पडले.

आज ज्याला सुरक्षित बांधणी म्हणतात ती बहुतांशी या काळात रूढ झाली. पोपट लाकूड कुरतडतो, म्हणून सांगाडा धातूचा करावा. बाहेरचे दार लागल्याशिवाय आतले उघडू नये, अशी दोन दारांची लहान खोली ठेवावी. हा नियम पोपट निसटू नये म्हणून आहे. निसटलेल्या पोपटांनी काय होते, हे पाहावयाचे तर आपल्या राघूची लंडन परिसरातील वस्ती पाहावी. मांजर वा शिकारी पक्ष्याचा पंजा पोहोचू नये म्हणून जाळीचे दोन थर, मध्ये अंतर ठेवून, लावावेत. उंदीर-घुशी बीळ करून येतात, त्यामुळे जाळी जमिनीत खोल पुरावी किंवा तळ सिमेंटचा करावा. छताचा काही भाग पत्र्याचा असावा, म्हणजे रानपक्ष्यांची विष्ठा आत पडत नाही. कडी साधी नसावी. काकाकुवा ती सहज उघडतो.

सर्वांत बोधक आहे ती जाळीचीच गोष्ट. ज्या जस्तलेपाने मोठी पक्षिगृहे शक्य केली, तोच पोपटांना घातक असल्याचे विसाव्या शतकाच्या अखेरीस पशुवैद्यकांनी दाखवून दिले. नव्या जाळीवरील जस्ताचे सैल थेंब पोपट चोचीने सोलून गिळतो. त्यातून अशक्तपणा, ओकाऱ्या आणि मृत्यू ओढवतो. म्हणून नवी जाळी व्हिनेगरने घासून धुण्याचा, आणि ऐपत असल्यास स्टेनलेस स्टील वापरण्याचा सल्ला दिला जातो. सोरेलपासून हा धोका ध्यानी येईपर्यंत सुमारे दीडशे वर्षे गेली. या काळात किती पोपट 'अज्ञात कारणाने' मेले असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

भारतीय संदर्भ

ज्या देशातून पोपट रोमला गेला, तेथे पक्षिगृहापेक्षा ओसरीत टांगलेला पिंजराच रूढ राहिला. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने आणि १९९०-९१ पासूनच्या व्यापारबंदीने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. देशी राघू पाळणे हा गुन्हा आहे. पक्षिगृह कितीही प्रशस्त असले तरी त्याने फरक पडत नाही. 'साइट्स'च्या परिशिष्टांतील परदेशी पोपट बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी करावी लागते. परिणामी परदेशी मकाव महाराष्ट्रातील एखाद्या बंगल्याच्या आवारात दुहेरी जाळीत कायदेशीरपणे राहू शकतो, आणि शेजारच्या पिंपळावरचा राघू त्याच जाळीत राहू शकत नाही. देशी पोपटासाठी मोठे पक्षिगृह आता उभे राहते ते जप्त केलेल्या पक्ष्यांच्या उपचार केंद्रात. छाटलेली पिसे पुन्हा येईपर्यंत आणि पंखांत बळ येईपर्यंत त्यांना तेथे उडू दिले जाते, मग सोडले जाते. लहानपणापासून माणसाच्या हातून खाल्लेले काही पोपट मात्र सोडण्याजोगे राहिलेले नसतात. त्यांच्यासाठी ते पक्षिगृहच कायमचे घर ठरते.