जातें, नमस्कार आणि मासिक

सौंदर्य, व्यायाम, आहार आणि मनोरंजक वाचन हीं चार प्रकरणें आज स्त्रियांच्या कोणत्याही नियतकालिकांत एकाच मुखपृष्ठाखालीं गुण्यागोविंदानें नांदतांना दिसतात. त्यांचा हा शेजार फार जुना नव्हे. शंभर-सवाशें वर्षांपूर्वींच्या पांढरपेशा मराठी घरांत यांपैकीं एकाही गोष्टीस वेगळें स्थान नव्हतें. पहांटे दळण दळावें, विहिरीचें पाणी शेंदावें, सर्वांचीं जेवणें उरकल्यावर उरेल तें आपल्या पानांत वाढून घ्यावें, न्हाणाच्या दिवशीं शिकेकाईनें केस धुवावे आणि दिवाळीस अंगाला उटणें लावावें, एवढ्यांत घरच्या स्त्रीच्या शरीराचा विचार आटोपत असे. वाचनाची गोष्ट तर बोलूंच नये. न्यायमूर्ति रानड्यांसारख्या थोर पुरुषाच्या पत्नीस, प्रत्यक्ष पतीच्या इच्छेनें शिकत असतांही, घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा केवढा जाच सोसावा लागला, तें रमाबाईंनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. ते पुस्तक १९१० सालचें. त्यांतील हकीकत त्याच्याही तीस-पस्तीस वर्षें आधींची.

त्या जीवनाचा कणा म्हणजे जातें. दोघीजणी समोरासमोर बसून खुंटा ओढूं लागल्या म्हणजे दंड, खांदे, पाठ आणि पोट या साऱ्यांस सारखा ताण पडे. घांस टाकावयाचा, फेरा घ्यावयाचा आणि फेऱ्याच्या लयींत ओवी म्हणावयाची, असा तो त्रिवेणी क्रम होता. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांचें मनोरंजक वाङ्मय तेंच. माहेर, भाऊ, विठोबा, सासुरवास यांच्या कथा त्या दगडाच्या घरघरीवर रचल्या जात. परंतु या चित्राचा गोडवा फार वाढवून सांगण्याचें कारण नाहीं. ज्या पुरुषांनीं जात्याचे गोडवे गाइले, त्यांपैकीं पहांटे चार वाजतां उठून त्याच्यापुढें बसणारे किती होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आजारी असो, दोन जिवांची असो, दळण चुकत नसे. ज्या श्रमाला नको म्हणण्याची मुभा नाहीं त्याला व्यायाम म्हणणें ही भाषेची चैन होय.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत शहरांतून एंजिनावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या आल्या, नळाचें पाणी आलें, आणि मध्यम वर्गांतील स्त्रीच्या पाठीवरचा भार खरोखरच हलका झाला. मात्र जात्याबरोबर आणखी कांहीं गोष्टी नकळत घराबाहेर गेल्या. अंगाला होणारी हालचाल गेली, ओवी गेली, आणि अन्नाचा कसही उतरूं लागला. या शेवटच्या गोष्टीचा दोष पिठाच्या गिरणीवर ठेवणें योग्य नव्हे. ती गव्हाचा कोंडा काढीत नाहीं, तो आपली चाळणी काढते. खरा घात केला तो तांदूळ पांढराशुभ्र करून देणाऱ्या भाताच्या गिरणीनें. पुढील कांहीं दशकांत या तिन्ही वस्तु तीन निराळ्या वाटांनीं घरांत परत आणण्याची खटपट झाली, आणि योगायोग असा कीं, त्यांपैकीं दोन वाटा एकाच चिमुकल्या संस्थानांतून निघाल्या.

तें संस्थान औंध. बहात्तर गांवांचा हा मुलूख, तोही सलग नव्हे. साताऱ्याच्या बाजूस औंध, खालीं कुंडल आणि आटपाडी, आणि एक तुकडा पार विजापुराकडे. १९०९ सालीं गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे डेक्कन कॉलेजचे पदवीधर, चित्रकार, कीर्तनकार आणि व्यायामाचे निस्सीम भक्त. तरुणपणीं त्यांनीं यूजीन सँडो या प्रसिद्ध जर्मन मल्लाचीं साधनें आणि पुस्तकें मागवून १८९७ पासून दहा वर्षें त्याच्या पद्धतीनें मेहनत केली. नंतर मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्यावरून १९०८ सालीं ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि पुढें ती त्यांच्या जीविताची निष्ठाच होऊन बसली. संस्थानांतील शाळांतून मुलांबरोबर मुलींनाही नमस्कार घालावे लागत. राजवाड्यांत राणीसाहेबही नमस्कार घालीत, आणि राजाच्या घरची बाई जें करते तें करण्यास रयतेच्या घरांतील बाईला निदान निमित्त तरी सांपडतें.

नमस्कार मुळांत जुने. समर्थांच्या संप्रदायांत आणि पहिलवानांच्या तालमींत ते होतेच. औंधानें त्यांस दहा अवस्थांत बांधलें, प्रत्येक अवस्थेस श्वासाचें प्रमाण लावून दिलें, बीजमंत्रांची जोड दिली आणि तालमीच्या मातींतून उचलून घराच्या फरशीवर आणलें. हें शेवटचें कार्य सर्वांत महत्त्वाचें होय. स्त्रीला तालमींत जातां येत नव्हतें. क्लबांत टेनिस खेळण्याचें भाग्य मूठभरांचें. नमस्काराला मात्र साडेतीन हात जागा आणि लावून घेतां येईल असें एक दार, एवढेंच पुरे. साधन नाहीं, खर्च नाहीं, साक्षीदार नाहीं. नऊवारी लुगड्याचा कासोटाही येथें आड न येतां उलट उपयोगीच पडे.

आक्षेप आले नाहींत असें नाहीं. बाईनें दंड-बैठका काढल्या तर तिचें अंग पुरुषी होईल, असें एक मत; गर्भाशयास इजा होईल, हें दुसरें; आणि ‘घरकाम करणारीला निराळा व्यायाम कशाला?’ हें तिसरें. पहिल्या दोहोंचें उत्तर आज वैद्यकशास्त्रानें देऊन टाकिलें आहे. निरोगी गर्भवतीसही डॉक्टरांच्या संमतीनें बेताचा व्यायाम हितकर मानला जातो. तिसरा आक्षेप अधिक चिवट आहे. घरकामानें माणूस थकतें हें खरें. परंतु चुलीपुढें वांकून बसणें, घागर एकाच कमरेवर घेणें, ओणव्यानें केर काढणें या कामांत शरीर एकाच बाजूस झुकतें. नमस्कारांत पाठीचा कणा आळीपाळीनें पुढें आणि मागें लवतो, छाती उघडते, श्वास खोल जातो. याहूनही मोठा भेद असा कीं, तीं दहा-पंधरा मिनिटें घरांतील दुसऱ्या कोणाचीं नसतात. बहुधा आक्षेपकांना खुपत होती ती हीच गोष्ट.

राजेसाहेबांचा उत्साह कित्येकदां पुराव्याच्या पुढें धांवे, हेंही नमूद केलें पाहिजे. नमस्कारानें बहुतेक सारे रोग दूर राहतात अशी त्यांची श्रद्धा होती. नमस्कार हा उत्तम सर्वांगव्यायाम आहे. तो औषधालय नव्हे. पण त्या श्रद्धेनेंच ही गोष्ट दूरवर नेली. १९३६ सालीं राजेसाहेब विलायतेस गेले असतां लुइझ मॉर्गन या पत्रकार बाईंनीं त्यांची भेट घेऊन ‘न्यूज क्रॉनिकल’ पत्रांत नमस्कारांची माहिती प्रसिद्ध केली. त्याच बाईंनीं संपादिलेलें राजेसाहेबांचें पुस्तक ‘आरोग्याचा दहा पायऱ्यांचा मार्ग’ अशा अर्थाच्या इंग्रजी नांवानें १९३८ सालीं लंडनच्या डेंट प्रकाशनानें काढलें. सातारच्या माणदेशाकडील एका टेकडीखालचा व्यायाम असा लंडनच्या गृहिणींच्या दिवाणखान्यांत पोंचला. आज जगभर चालणाऱ्या योगवर्गांत सूर्यनमस्कार हटकून असतो. त्या कथेंतील एक मोठें प्रकरण औंधचें आहे.

आतां आहार. राजेसाहेबांच्या उपदेशांत आहाराचाही भाग होता. परंतु या विषयाला शास्त्राचा पाया मिळाला तो अन्यत्र. डच डॉक्टर आइकमन यांनीं १८९० नंतरच्या दशकांत जावा बेटांत पाहिलें कीं, सडलेल्या पांढऱ्या तांदुळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंड्यासह तांदूळ दिला कीं त्या पुन्हां चालूं लागतात. बेरीबेरी रोगाचें मर्म तेथें उकललें, आणि १९२९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. निलगिरीवरील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं उंदरांना भारतांतील निरनिराळ्या प्रांतांचें जेवण घालून पाहिलें. कणकेची पोळी, दूध, डाळ आणि ताज्या भाज्या यांवर वाढलेले उंदीर धष्टपुष्ट निघाले. भातावर विसंबलेले रोडावले. १९३४ सालीं गांधीजींनीं ग्रामोद्योग संघ काढून हातसडीचा तांदूळ आणि गूळ यांचा पुरस्कार आरंभिला, तेव्हां हें ज्ञान चर्चेंतून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलें. हातसडीचा तांदूळ सडणार कोण, याचें उत्तर मात्र पुष्कळ व्याख्यात्यांनीं गृहीत धरलें होतें.

मराठींत पाकशास्त्राचीं पुस्तकें तत्पूर्वींही होतीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचें. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणीमित्रा’नें हजार पाकक्रिया देऊन कित्येक पिढ्यांच्या नव्या सुनांस अब्रूनिशीं तारलें. परंतु या पुस्तकांत इतरांना काय वाढावें तें सांगितलें आहे; वाढणारीनें स्वतः केव्हां आणि काय खावें, हा विषय तेथें नाहीं. पंक्ति उठल्यावर कोरड्या भाकरीबरोबर पातेल्यांतील खरवड खाणारी बाई घरांतील सर्वांत कमी लोह आणि सर्वांत कमी दूध पोटांत घालीत असे, आणि मुलेंही तिलाच जन्मास घालावयाचीं. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील पंधरा ते एकुणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींत रक्तक्षय आढळला. तेव्हां हा विषय इतिहासजमा झाला आहे, असें समजण्याचें कारण नाहीं.

दुसरी वाट किर्लोस्करवाडीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांस बेळगांवांतून बिऱ्हाड हलवावें लागलें, तेव्हां औंधच्या याच राजेसाहेबांनीं कुंडल स्टेशनाजवळची माळरानाची जागा त्यांना दिली. १९१० सालीं निवडुंग तोडून तेथें नांगरांचा कारखाना उभा राहिला. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकार. कारखान्याच्या मालाची वार्ता देण्यासाठीं त्यांनीं १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ काढली. नांगराच्या जाहिरातींतून मासिक निघालें, आणि त्या मासिकाच्या पोटीं १९३० सालीं ‘स्त्री’ जन्मास आलें.

स्त्रियांसाठीं मासिकें त्याआधींही निघालीं होतीं. पण बहुतेकांचा सूर उपदेशाचा. स्त्रिया खरोखर वाचीत असत त्या निराळ्याच वस्तु: हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणुकी’ंतील कादंबऱ्या, किंवा काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १८९५ सालीं सुरू केलेलें ‘मनोरंजन’, ज्यानें १९०९ सालीं दिवाळी अंकाची प्रथा घातली. कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात, अशी ओरड तेव्हां सर्रास होती. ती अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. ‘पण लक्षांत कोण घेतो’ वाचलेली मुलगी केशवपनाकडे पूर्वींच्या नजरेनें पाहूं शकत नव्हती, आणि रूढीच्या अभिमान्यांच्या दृष्टीनें तिचें तें बिघडणेंच होतें. हलकें वाचन हें दिसतें तितकें हलकें नसतें. ‘स्त्री’नें हें ओळखलें. कथा, विणकाम, पाकक्रिया, बालसंगोपन, आरोग्य आणि वाचकभगिनींचीं पत्रें यांच्याच बरोबरीनें घटस्फोट, हुंडा, प्रौढ कुमारिका असे प्रश्नही तेथें घरांत शिरले. दुपारीं भांडीं आवरल्यावर, किंवा रात्रीं ओगल्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाच्या उजेडांत, मासिक उघडणाऱ्या बाईस लोणच्याच्या कृतीशेजारीं स्वतःच्या आयुष्याचा प्रश्न छापलेला दिसे. १९३३ सालीं विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध होऊन केवढी खळबळ उडाली, हें आठवलें म्हणजे अशा शेजाराचें धाडस ध्यानांत येतें.

याहून परखड आवाज एकच होता, रघुनाथ धोंडो कर्व्यांचा. १९२७ पासून १९५३ पर्यंत, खटले सोसून आणि पदरचे पैसे घालून, त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ चालविलें. स्त्रीचें आरोग्य वारंवारच्या बाळंतपणांत खर्ची पडतें, हें सत्य त्यांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें. सभ्य घरांत तें मासिक उशीखालीं राहिलें. ‘स्त्री’ टेबलावर राहिलें. दोघांचीही गरज होती.

सौंदर्यप्रसाधनांची वाट या सर्वांहून निराळी, कारण ती बाजारांतून आली. शिकेकाई, हळद, डाळीचें पीठ आणि घरीं धरलेलें काजळ यांस पैसा लागत नसे. १९१६ सालीं म्हैसूर दरबारानें चंदनाच्या तेलाचा उपयोग करून साबणाचा कारखाना काढला. १९१९ सालीं मुंबईंत पाटणवाल्यांचें ‘अफगाण स्नो’ निघालें. गोदरेजांनीं चरबीविरहित साबण काढून सोंवळ्यांतल्या घरांचीही अडचण दूर केली. स्वदेशीच्या चळवळीमुळें अशा वस्तु विकत घेणें ही देशसेवा ठरली आणि नट्टापट्ट्याचा संकोच पुष्कळसा गेला. इथपर्यंत ठीक. पण गोऱ्या रंगाचें आमिष दाखविणाऱ्या मलमांच्या जाहिरातींनीं स्त्रीला आरशापुढें जें कमीपण शिकविलें, तें तिला जात्यापुढें कधीं वाटलें नव्हतें. व्यायामाचे आणि आहाराचे पुरस्कर्ते, कांति ही आंतून यावयाची वस्तु आहे, असें सांगत राहिले. बाजार ती डबींतून देत राहिला. या वादांत डबीचीच सरशी झाली, हें कोणत्याही दुकानाच्या फळीवरून दिसेल.

१९४८ सालीं गांधीहत्येनंतर जमावानें किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला. त्याच वर्षीं मार्चमध्यें औंध संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें. राजेसाहेब १९५१ सालीं वारले. ‘स्त्री’ मात्र पुढें पुण्याहून अनेक वर्षें निघत राहिलें, आणि त्याच्या संपादनाचा अनुभव घेतलेल्या विद्या बाळ यांनीं १९८९ सालीं ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलें. जात्यावरची ओवीही अगदींच हरवली नाहीं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रांतील शेंकडों खेड्यांत सहकाऱ्यांसह फिरून लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. त्या सांगणाऱ्या बायकांपैकीं कित्येकींच्या घरीं तोंवर पीठ गिरणींतूनच येऊं लागलें होतें.