जहाजी कंटेनरचे इमारतीत रूपांतर : दिघी बंदर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी हे गाव वसलेले आहे. समोरच्या तीरावर मुरुड तालुक्यातील आगरदांडा असून खाडीच्या मुखाशी जंजिरा किल्ला उभा आहे. हा सर्व प्रदेश १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात मोडत होता. दिघी येथे आधुनिक बंदर उभारण्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाने २००२ मध्ये खाजगी कंपनीशी सवलत करार केला. पुढे ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२१ मध्ये अदानी पोर्ट्सने ७०५ कोटी रुपयांना ती ताब्यात घेतली. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराला पर्यायी प्रवेशद्वार म्हणून दिघीचा विकास करण्याचा मनोदय त्या वेळी जाहीर करण्यात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील १२ औद्योगिक नगरांना मंजुरी दिली. त्यांत दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचा समावेश आहे.

बंदर आणि उद्योग यांच्यामागोमाग कामगार येतात आणि कामगारांबरोबर निवाऱ्याचा प्रश्न येतो. अलीकडे या प्रश्नाचे स्वस्त व झटपट उत्तर म्हणून जुन्या जहाजी कंटेनरपासून तयार केलेल्या खोल्यांकडे बोट दाखविले जाते. या उत्तराची ऐतिहासिक चिकित्सा करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१) बंदरमार्गे आलेल्या बांधकाम साहित्याची कोकणातील परंपरा पाहणे. २) कंटेनरच्या इमारतीतील रूपांतराचा इतिहास मांडणे. ३) दिघी परिसरातील निवासासाठी त्याची योग्यता तपासणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

बंदरमार्गे आलेले घर : पूर्वपीठिका

समुद्रमार्गे आलेल्या वस्तूंनी घर बांधणे ही कोकणाला नवलाईची गोष्ट नाही. आपण ज्याला 'पारंपरिक' कोकणी घर म्हणतो, त्याचा चिरा स्थानिक जांभ्याचा असला तरी छपरावरचे मंगलोरी कौल बाहेरून आलेले आहे. बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला. तेथील कौले पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून गावोगाव पोहोचली आणि दोन-तीन पिढ्यांत परकेपण टाकून इथलीच झाली.

पन्हाळी पत्र्याचा जन्म तर थेट बंदरातच झाला. लंडन डॉक कंपनीचा अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये त्याचे एकस्व घेतले आणि गोदीतील शेडसाठी त्याचा प्रथम उपयोग झाला. मुंबईत १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या वॉटसन हॉटेलचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणण्यात आला होता. याच इमारतीत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा भारतातील पहिला खेळ झाला. म्हणजेच कारखान्यात घडवावे, जहाजातून आणावे आणि जागेवर जोडावे ही कल्पना महाराष्ट्रात कंटेनरच्या शंभर वर्षे आधी अवतरली होती.

तथापि, या साहित्यात एक मूलभूत भेद आहे. मंगलोरी कौल प्रारंभापासून घरासाठीच घडविले गेले. त्याचा उतार, त्याची खाच, दोन कौलांमधून खेळणारी हवा या सर्व बाबी राहणाऱ्याच्या सोयीशी निगडित होत्या. कंटेनर मात्र मालासाठी घडविला गेला. मालाला वारा लागत नाही आणि घामही येत नाही.

कंटेनरचा उदय आणि रूपांतर :

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील माल्कम मॅकलीन या वाहतूक व्यावसायिकाचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. कंटेनरयुगाचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो. १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानके निश्चित होऊ लागली आणि सर्व बंदरांत एकाच मापाची पेटी चालू लागली. भारतात १९७३ मध्ये कोचीन बंदरात पहिले कंटेनर उतरले. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाल्यावर रायगड जिल्ह्याचा उत्तर भाग देशाच्या कंटेनर वाहतुकीचे केंद्र बनला.

कंटेनरच्या इमारतीतील रूपांतराचे मूळ गृहनिर्माणाच्या गरजेत नसून व्यापाराच्या असमतोलात आहे. ज्या देशात आयात अधिक आणि निर्यात कमी, तेथे रिकाम्या पेट्या साचतात. त्या परत पाठविणे अनेकदा परवडत नाही. अमेरिकेत फिलिप क्लार्क यांनी पोलादी कंटेनरपासून राहण्यायोग्य इमारत तयार करण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठी १९८७ मध्ये अर्ज केला व १९८९ मध्ये त्यांना ते मिळाले. २००१ मध्ये लंडनच्या जुन्या गोदी भागात 'कंटेनर सिटी' उभी राहिली. अ‍ॅमस्टरडॅम येथे २००५-०६ च्या सुमारास सुमारे एक हजार विद्यार्थ्यांसाठी 'कीटवोनेन' वसाहत झाली. तिच्यासाठी मात्र जुने कंटेनर न वापरता त्याच मापाचे नवे कक्ष चीनमधून बनवून आणण्यात आले. घर म्हणून कंटेनर यशस्वी करावयाचा तर तो मुळापासून घर म्हणूनच घडवावा लागतो, हा त्याचा अर्थ होय.

महाराष्ट्रात बंदरालगतची आवारे, रस्त्यांची व मेट्रोची बांधकामे, टोलनाके येथे कंटेनरची कार्यालये, चौक्या व कोठारे सर्रास दिसतात. हा उपयोग दिवसाच्या काही तासांपुरता असल्याने त्याविषयी फारशी तक्रार उद्भवत नाही. प्रश्न निर्माण होतो तो मुक्कामाचा.

माप, हवामान आणि निवास :

वीस फुटी प्रमाणित कंटेनर आतून सुमारे ५.९० मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम १४ चौरस मीटर भरते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार एकखोली निवासासाठी साधारणतः किमान ९.५ चौरस मीटर क्षेत्र, २.४ मीटर रुंदी व २.७५ मीटर उंची अपेक्षित आहे. क्षेत्रफळाच्या कसोटीवर कंटेनर उतरतो, परंतु रुंदी व उंची या दोन्ही कसोट्यांवर तो कमी पडतो. अधिक उंचीचा कंटेनर घेतला तरी आतली उंची २.७० मीटरच्या आसपासच राहते. उष्णतारोधासाठी दोन्ही भिंतींना प्रत्येकी ५ सेंटिमीटर अस्तर दिल्यास रुंदी २.२५ मीटर उरते. दोन कंटेनर जोडून मधल्या भिंती काढता येतात, पण त्यामुळे पेटीची मजबुती घटते आणि नव्या तुळया घालाव्या लागतात. कंटेनरचा भार मुख्यतः चार कोपऱ्यांच्या खांबांवर पेलला जात असला तरी पन्हाळी भिंती त्याला ताठपणा देतात. दारे-खिडक्यांसाठी त्या कापल्या की खर्च वाढतो आणि स्वस्ताईचा दावा तितका दुबळा होतो.

हवामानाचा विचार केल्यास रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. कंटेनरचे छत जवळपास सपाट असते. त्याचे गंजरोधक पोलाद खाऱ्या वाऱ्यात रंगाच्या संरक्षणाशिवाय टिकत नाही आणि गंज प्रथम कापलेल्या कडांना धरतो. लाकडी तळाला बहुधा कीटकनाशक लावलेले असते, म्हणून निवासापूर्वी तो बदलणे श्रेयस्कर ठरते. याउलट, ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातील घरांची कौले व पत्रे उडविली, नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या, तेव्हा एकसंध पोलादी छताचे महत्त्व प्रत्ययास आले असे म्हणता येईल. मात्र सुमारे सव्वादोन टन वजनाची रिकामी पेटी पायाशी पक्की जखडलेली नसेल, तर तीही सुरक्षित नाही.

'तात्पुरते' या शब्दाचा इतिहास :

मापाची उणीव आणि उष्म्याचा त्रास ज्ञात असूनही कंटेनर निवासासाठी सुचविला जातो, याचे कारण 'तात्पुरते' या शब्दात आहे. जे तात्पुरते, त्याला नियमांची कसोटी लावण्याची आवश्यकता भासत नाही. महाराष्ट्राचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आलेल्या कुटुंबांना पक्की घरे मिळेपर्यंत एकाहून अधिक उन्हाळे तेथेच काढावे लागले. मुंबईतील संक्रमण शिबिरांत काही कुटुंबांच्या पिढ्या गेल्या. पाच वर्षांसाठी योजलेली अ‍ॅमस्टरडॅमची वसाहतही त्या मुदतीनंतर तेथेच राहिली. तिच्यात मात्र प्रत्येक रहिवाशाला स्वतंत्र स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर आणि उष्णतारोधक भिंती होत्या. तात्पुरतेपणाची मुदत दोन्हीकडे वाढली. फरक पडला तो सुरुवातीस पाळलेल्या दर्जामुळे.

निष्कर्ष :

१) बंदरातून आलेले साहित्य स्वीकारण्याची कोकणाची परंपरा जुनी आहे. त्यामुळे केवळ परके म्हणून कंटेनर नाकारणे इतिहासाला धरून होणार नाही.

२) कौल कोकणात रुजले ते पाऊस आणि उष्मा यांना उत्तर देऊ शकले म्हणून. कंटेनरलाही हीच कसोटी लागू करावयास हवी. त्यावर स्वतंत्र उतरते छप्पर, समोरासमोर खिडक्या, पुढे पडवी आणि जोत्याशी जखडणी या किमान अटी मानाव्यात.

३) कार्यालय, कोठार, दवाखाना किंवा आपत्कालीन निवारा यांसाठी कंटेनर उपयुक्त आहे. कुटुंबाच्या किंवा कामगाराच्या दीर्घ निवासासाठी तो इमारत संहितेच्या कक्षेबाहेर ठेवणे समर्थनीय नाही.

४) दिघी औद्योगिक क्षेत्राच्या नियोजनात कामगार निवासाची मानके पहिला कामगार येण्यापूर्वी ठरविली जावीत. न्हावा-शेव्याला कंटेनर आधी आले आणि कामगारांच्या वस्तीचा विचार मागाहून झाला. दिघीला तो क्रम बदलण्याची संधी अद्याप आहे.