स्वस्त कपडा आणि चारचौघांची नजर

इतिहासाच्या व्याख्यानात सेलच्या कपड्यांचं काय काम, असं कुणालाही वाटेल. पण एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. शर्टाचं कौतुक केलं की एक जण खुशीत सांगतो, "अहो, फक्त दोनशेला मिळाला!" दुसरा मात्र हसून विषय बदलतो. शर्ट कदाचित एकाच दुकानातले असतात. पहिल्याने परवडत असून स्वस्त घेतलेला असतो, दुसऱ्याला त्यापलीकडचं परवडतच नसतं. स्वस्ताईची फुशारकी कोणाला मारता येते आणि ती कोणाला लपवावी लागते, हे समजून घ्यायला मुंबईतल्या कापडाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

थोडं मागून सुरू करू. कपड्यावरून माणूस ओळखायचा, ही आपल्याकडे नुसती सवय नव्हती, शास्त्राने घातलेला नियम होता. चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रं वापरावीत, असं मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितलं आहे. ही मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना काय सांगितलं? लुगडं वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या बायका नेसतात तसं नेसा, अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी खूण अंगावर ठेवू नका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. बघा, महाग कपडे घ्या असं ते म्हणाले नाहीत. अंगावरची खूण पुसा, असं म्हणाले. हा मुद्दा आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ. गिरण्यांचं बरंचसं कापड सैन्यासाठी जात होतं. बाजारात टंचाई होती, काळाबाजार होता. १९४३ मध्ये सरकारने सुती कापड आणि सूत यांच्यावर नियंत्रण आणणारा आदेश काढला. कमाल किंमत कापडावरच छापायची, दुकानदाराने त्याहून जास्त घ्यायची नाही. स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये 'नियंत्रित कापडा'ची योजना आली. धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल हे गरिबाच्या वापरातले प्रकार गिरण्यांनी ठरलेल्या प्रमाणात काढायचे आणि सरकारी भावाने द्यायचे.

हेतू चांगलाच होता. पण तो भाव पुढे उत्पादनखर्चाला पुरेना. मग गिरण्यांनी त्या मालात हात आखडता घेतला. सूत जाडंभरडं, रंग मोजके, काठ मोजके. शेवटी १९७८ मध्ये खासगी गिरण्यांवरचं हे बंधन उठलं आणि ते काम राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांकडे आणि हातमागाच्या जनता कापडाकडे गेलं.

गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर अडचण वेगळीच होती. कापड स्वस्त होतं, पण लांबून ओळखू यायचं. पोत सांगायचा, काठ सांगायचा, की हे सरकारी भावाचं आहे. म्हणजे महाडला जी खूण पुसायला सांगितली, तीच नव्या रूपात परत आली. आता ती जातीऐवजी गरिबीची होती, पण खूणच. ज्याला थोडंफार जमलं तो टेरिकॉटकडे वळला. ते महाग होतं, पण टिकायचं, इस्त्रीचा त्रास कमी होता, आणि अंगावर चढवलं की रेशनचं वाटत नव्हतं.

कापड विकत घेण्याची पद्धतही आठवून पाहा. चपला बाहेर काढून दुकानात पांढऱ्या गादीवर बसायचं. दुकानदाराचा पहिला प्रश्न असायचा, "कितीपर्यंतचं दाखवू?" प्रश्न धंद्याचा आहे, त्यात अपमान करण्याचा हेतू नाही. पण शेजारी दुसरं गिऱ्हाईक बसलेलं असताना आपली ऐपत तोंडाने सांगायची म्हणजे जिवावर येतं. लग्नाचा बस्ता काढताना किती घरांत या एका प्रश्नावरून कुजबुज झाली असेल! त्यामानाने फुटपाथवरचा कटपीसचा ढीग बरा वाटायचा. तिथे आपल्या हाताने उपसायचं, आवडलं ते उचलायचं.

मग आला १९८२ चा संप. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे काम आधीपासूनच सरकत होतं, ते आता झपाट्याने गेलं. यंत्रमागाचं कापड स्वस्त का पडायचं? त्याचं एक मोठं कारण मजुरीत होतं. गिरणीत कायम कामगाराला प्रॉव्हिडंट फंड, बोनस, ग्रॅच्युइटी होती. यंत्रमागावर बहुतेक ठिकाणी विणलेल्या मालावर मजुरी आणि बारा तासांची पाळी. ज्या कामगाराची नोकरी गेली, त्याच्याच घरात हे स्वस्त कापड जास्त लागणार होतं. हा दैवदुर्विलास आपण फारसा बोलून दाखवत नाही.

याच काळात मुंबईत तयार कपड्यांची निर्यात वाढत होती. १९७४ पासून २००४ अखेरपर्यंत कापड आणि कपड्यांच्या जागतिक व्यापारावर कोट्याची पद्धत होती. परदेशी ऑर्डर पुरी करताना कारखाना थोडे नग जास्तच शिवतो. काही माल रंगात किंवा मापात नापास होतो. तो 'एक्स्पोर्ट सरप्लस' म्हणून फॅशन स्ट्रीटवर यायला लागला. कॉलर उलटून बघितली तर लेबल अर्धं कापलेलं. आता गंमत बघा. सरकारी स्वस्त कापडावर किंमत छापलेली होती म्हणून ते लपवावंसं वाटलं. इथे लेबल कापलेलं होतं म्हणून मिरवावंसं वाटलं. घासाघीस करून मिळवलेला शर्ट हा कॉलेजच्या पोरांचा पराक्रम झाला. "दोनशेला मिळाला" हे वाक्य फुशारकीचं झालं ते अशा ठिकाणी.

पुढचा टप्पा लोअर परळचा. तिथल्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला आणि त्याच आवारात बिग बझार सुरू झाला. जिथे कापड विणलं जायचं तिथे आता स्वस्त कपडे विकले जाऊ लागले. बिग बझारचे किशोर बियाणी यांनी दुकान मुद्दाम थोडं गर्दीचं, पसरलेलं ठेवलं, कारण चकचकीत काचेच्या दुकानात शिरायला साधा माणूस बिचकतो, हे त्यांनी ओळखलं होतं. २६ जानेवारी २००६ ला 'सबसे सस्ता दिन' जाहीर झाला, तेव्हा दुकानांवर झुंबड उडाली. वर्तमानपत्रं आणि दिवाणखाने त्या गर्दीला हसले. पण त्या दुकानात एक गोष्ट घडत होती. किंमत चिठ्ठीवर लिहिलेली होती, कपडा हाताने उचलायचा होता, घालून बघता येत होता, आणि "कितीपर्यंतचं दाखवू" असं विचारणारं कोणी नव्हतं. पुढे झुडिओसारख्या दुकानांनी तर मालकिणीची मुलगी आणि तिच्या घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाईंची मुलगी एकाच रांगेत उभी केली. दोघींच्या अंगावरचा टॉप बघून कोण कोणाची, हे सांगता येत नाही. महाडच्या भाषणाची आठवण ठेवली तर ही लहान गोष्ट नाही.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसं गेली. त्यांतली बहुसंख्य शिवणकाम करणारी, परदेशी दुकानांसाठी स्वस्त कपडे शिवणारी होती. आदल्या दिवशी इमारतीला तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. त्यामुळे स्वस्त कपड्यावर टीका होते, ती खोटी नाही.

प्रश्न असा आहे की ती टीका कोणाच्या डोक्यावर जाऊन बसते. १९६४ मध्ये स्वस्ताईचा भार गिरण्यांवर टाकला, त्यांनी तो मालाच्या दर्जावर ढकलला. १९८२ नंतर तो यंत्रमाग कामगारावर गेला, मग शिवणाऱ्या बाईवर. हे निर्णय मंत्रालयात झाले, गिरणीमालकांच्या आणि खरेदी कंपन्यांच्या कचेरीत झाले. पोराच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तीनशेचा शर्ट घेणाऱ्या आईला त्यात कोणी विचारलं नव्हतं. आणि आपण 'स्वस्तातला माल घेणारी माणसं' म्हणून नाक मुरडतो ते तिच्याकडे बघून. कामगाराच्या मजुरीचा प्रश्न जरूर विचारावा, पण तो मजुरी ठरवणाऱ्याला विचारावा. त्या आईला तो शर्ट कुठून घेतला हे सांगताना मान खाली घालावी लागू नये, एवढं तरी आपण बघू शकतो.

इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.